चौथी सीट

नीतिशास्त्राच्या ग्रंथांना मोठ्या प्रश्नांची ओढ असते. युद्ध न्याय्य केव्हा ठरते, देहदंड असावा की नसावा, मरणाच्या दारात असलेल्या रुग्णावर उपचार कुठवर करावेत, या विषयांवरील ग्रंथांनी सेमिनरीतील कपाटेच्या कपाटे भरलेली असतात. ते योग्यही आहे. परंतु सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यात असे प्रसंग एकदा-दोनदा येतात, पुष्कळांच्या आयुष्यात तर येतही नाहीत. त्याच्या वाट्याला येतो तो रोजचा दिवस. गाडी पकडण्याचा, गर्दीत उभे राहण्याचा, भिंतीवरच्या पाट्या नकळत वाचण्याचा, थकल्यावर एखादे गाणे ऐकण्याचा. या साध्या दिवसाविषयी नीतिशास्त्राला काही सांगावयाचे आहे काय?

हा प्रश्न आमच्यापुढे आणला तो महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने. वसईहून चर्चगेटपर्यंत तो रोज लोकलने जातो-येतो. प्रवासात सुचलेले विचार वहीत टिपून ठेवण्याची त्याला आवड आहे. ती वही त्याने आम्हांला विश्वासाने वाचावयास दिली, आणि तिच्याविषयी लिहिण्यास अनुमतीही दिली. वहीत फार मोठे असे काही नव्हते. गाडीतील गर्दी होती, स्टेशनावर आणि डब्यात लावलेल्या जाहिराती होत्या, संध्याकाळी व्यायामशाळेत घालवलेला तास होता आणि दिवसभर कानांत वाजणारे संगीत होते. मात्र एका पानापाशी आम्ही थांबलो. आज दिवसभरात आपण एकही वाईट गोष्ट केली नाही, कुणाला फसवले नाही, कुणाला दुखावले नाही. तरीही रात्री अंथरुणावर पडल्यावर आजचा दिवस आपला होता असे वाटत नाही, असा त्या पानाचा आशय होता. पापनिवेदनाला गेलो तर सांगण्यासारखे काही नाही आणि प्रार्थनेला बसलो तर आभार मानण्यासारखेही काही आठवत नाही, असेही त्याने पुढे लिहिले होते.

अशा वेळी आम्हां वडीलधाऱ्यांच्या ओठांवर एक उत्तर तयार असते. आजची पिढीच अशी, मोबाईल हातातून सुटत नाही, आमच्या वेळी असे नव्हते, वगैरे. या उत्तराने सांगणाऱ्याचे समाधान होते, ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. शिवाय ते खरेही नाही. रेडिओ आला, सिनेमा आला, दूरदर्शन आले, तेव्हा प्रत्येक वडील पिढीने हेच उत्तर आपल्या मुलांना दिलेले आहे. ज्या तरुणाला आपला दिवस आपला वाटत नाही याची खंत आहे, तो बेपर्वा नव्हे. त्याची खंत गंभीरपणे घेतली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

तत्त्वज्ञानाच्या इतिहासात या खंतीच्या अगदी जवळ जाणारा एक जुना वाद आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात एक प्रश्न उपस्थित केला. चांगलीही नाही आणि वाईटही नाही, अशी एखादी कृती असू शकते काय? त्यांनी घेतलेली उदाहरणे अगदी साधी आहेत. जमिनीवर पडलेली काडी उचलणे, शेतातून फिरणे. नुसत्या 'काडी उचलणे' या प्रकाराकडे पाहिले तर त्यात पुण्य नाही, पापही नाही. येथवर सर्वांचे एकमत आहे. परंतु संत थॉमस पुढे जातात. प्रत्यक्षात काडी आपोआप उचलली जात नाही. कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी ती उचलतो. चूल पेटवण्यासाठी उचलली, मागून येणाऱ्याच्या पायात रुतू नये म्हणून उचलली, की कुणाला टोचण्यासाठी उचलली? हेतू आला की तटस्थपणा संपला. म्हणून विचारपूर्वक केलेली कोणतीही प्रत्यक्ष कृती एक तर चांगली असते, नाही तर वाईट, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांच्यानंतरच्या पिढीतील फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ डन्स स्कोटस यांना हे मान्य नव्हते. प्रत्यक्ष जीवनातही तटस्थ कृतींना जागा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

वरवर पाहता आमच्या विद्यार्थ्याचा दिवस स्कोटस यांच्या बाजूने साक्ष देतो. गाडीत बसणे, गाणे ऐकणे, पाटी वाचणे, यात कसले आले पाप आणि कसले पुण्य? तथापि संत थॉमस यांनी एक अपवाद नोंदवून ठेवलेला आहे आणि आमच्या मते सारी गुरुकिल्ली त्या अपवादात आहे. ते म्हणतात, माणूस कधी कधी काही विचार न करता दाढीवरून हात फिरवतो, उगीच हात किंवा पाय हलवतो. अशी हालचाल चांगलीही नसते आणि वाईटही नसते. कारण काटेकोरपणे बोलावयाचे तर ती मानवी कृतीच नव्हे. ती माणसाच्या शरीराकडून घडते, त्याच्या बुद्धीने आणि इच्छेने तिला जन्म दिलेला नसतो. जी कृती आपण ठरवून करतो तीच आपली. बाकीची नुसती आपल्याकडून घडते.

विद्यार्थ्याच्या खंतीचे निदान येथे सापडते. त्याचा दिवस वाईट नव्हता हे खरेच. परंतु त्या दिवसाचा फार मोठा भाग दाढीवरून हात फिरवावा तसा गेला. गाणे वाजले, कारण आधीचे गाणे संपल्यावर पुढचे आपोआप सुरू झाले. पाटी वाचली गेली, कारण ती डोळ्यांसमोर होती. दिवस त्याच्याकडून घडला, त्याने तो केला नाही. मग पापनिवेदनात काय सांगणार आणि आभार तरी कशाचे मानणार?

दाढीवरून हात फिरवण्यात कुणाचा फायदा नसतो. आजच्या आपल्या न ठरवता घडणाऱ्या कृतींमागे मात्र पुष्कळदा दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले असते. जाहिरातीचा सारा व्यवसाय या सीमेवर चालतो. माल कोठे मिळेल, किती किमतीस मिळेल, त्यात काय आहे, हे सांगणे योग्यच आहे. आठवड्याच्या बाजारात ओरडून भाजी विकणारी बाईही तेच करते. व्हॅटिकनच्या त्या वेळच्या सामाजिक संपर्क परिषदेने १९९७ साली जाहिरातींच्या नीतिमत्तेवर एक पत्रक काढले. त्यातही जाहिरातीला सरसकट दोष दिलेला नाही. तिच्याकडे एक साधन म्हणून पाहून सत्य, माणसाची प्रतिष्ठा आणि समाजाविषयीची जबाबदारी या तीन कसोट्या तिला लावल्या आहेत. यांपैकी दुसरी कसोटी आम्हांला सर्वांत अवघड वाटते. खोटे न बोलताही माणसाला कमी लेखता येते. किंबहुना आधी कमी लेखल्याशिवाय पुष्कळ वस्तू विकल्याच जात नाहीत.

एक उदाहरण पाहा. 'फेअर अँड लव्हली' हे गोरेपणाचे क्रीम भारतात १९७५ साली आले आणि त्याच्या नावातील 'फेअर' हा शब्द २०२० साली वगळण्यात आला. मधली ४५ वर्षे म्हणजे जवळजवळ दोन पिढ्या. या काळात आपल्या किती मुलींनी आरशात पाहताना स्वतःला कमी मानले असेल? स्थळे पाहताना किती घरांतून रंगाची कुजबुज झाली असेल? ती कुजबुज क्रीमने जन्माला घातली नाही, ती आधीपासून आपल्या घरांत होती, हे कबूल केले पाहिजे. जाहिरातीने तिला फक्त चेहरा दिला, संगीत दिले आणि ती रोज संध्याकाळी दिवाणखान्यात आणून बसवली. आपल्या मनातील अविचारित पूर्वग्रह कुणीतरी उचलून आपल्यालाच परत विकावा, आणि ती आपली स्वतःची आवड आहे असे आपणांस वाटावे, हा खरा तोटा आहे. पैसे गेले तर मिळवता येतात. स्वतःकडे पाहण्याची दृष्टी गेली तर ती परत मिळवणे कठीण.

जाहिरात ही हवेतील गोष्ट आहे, तिकडे दुर्लक्ष केले की झाले, असेही काही जण म्हणतात. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक अजस्र जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे प्राणांस मुकली. फलक इतका मोठा कशासाठी असतो? रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने न ठरवताही त्याच्याकडे पाहावे म्हणून. दुर्लक्ष करण्याचे स्वातंत्र्य काढून घेण्यासाठीच तो मोठा केलेला असतो, आणि त्या हव्यासाला वजन असते.

आता व्यायामाकडे वळू. आमचा विद्यार्थी रात्री झोपण्यापूर्वी आपल्या मोबाईलमध्ये दिवसभराची पावले पाहतो. १० हजार भरली तर दिवस सत्कारणी लागला असे त्याला वाटते, भरली नाहीत तर मनाला चुटपुट लागते. त्याची आजी रात्री झोपण्यापूर्वी आपला दिवस परमेश्वरासमोर तपासून पाहत असे. नातूही तपासतो, फक्त मोजमाप बदलले आहे. तर हा १० हजारांचा आकडा कोठून आला? टोकियो ऑलिंपिकच्या पुढील वर्षी, १९६५ साली, जपानमधील एका कंपनीने पावले मोजण्याचे एक छोटे यंत्र विकावयास काढले. त्याचे नाव 'मांपोकेई', म्हणजे '१० हजार पावलांचे मापक'. नाव सुटसुटीत होते, आकडा गोल होता, तो जगभर पसरला. पुढे २०१९ साली अमेरिकेतील १६ हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा लाभ स्थिरावला. चालणे चांगले, यात शंका नाही. परंतु एका वस्तूचे नाव माणसाच्या रात्रीच्या आत्मपरीक्षणात कसे जाऊन बसते, हे पाहण्यासारखे आहे.

शरीराची निगा राखणे हे कर्तव्य आहे. शरीर तुच्छ आहे असे ख्रिस्तसभेने कधी शिकवले नाही; ज्या धर्माची श्रद्धा देवाने मानवी देह धारण केला या सत्यावर उभी आहे, तो देहाला तुच्छ कसा मानील? मात्र १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात आरोग्याचा आदर सांगत असताना शरीराची पूजा मांडण्याविरुद्ध सावधही केले आहे. आदर आणि पूजा यांतील अंतर कसे ओळखावे? आम्हांला वाटते, हे बळ कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ आहे त्याचा तो आदर; ज्याच्याजवळ आरशाखेरीज उत्तर नाही त्याची ती पूजा. आमच्या वसईच्या वाड्यांतून पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या मुंबईला नेणाऱ्या बायकांची पावले कुणी मोजली नाहीत. त्यांच्या कष्टाचे आम्ही गोडवे गाणार नाही. त्या ओझ्याने कित्येकींच्या माना आणि गुडघे कायमचे दुखावले, व्यायामशाळेतील तास त्यांना कुणी दिला असता तर बरेच झाले असते. परंतु ते पाऊल कशासाठी उचलले, हे त्यांना प्रत्येक पावलाला ठाऊक होते. मुलांच्या फीसाठी, घराच्या कौलांसाठी. तेवढी एक गोष्ट नातवंडांनी त्यांच्याकडून घ्यावी.

संगीताच्या बाबतीत मात्र आम्हांला संत ऑगस्टीनांची सोबत आहे. सन ३५४ ते ४३० हा त्यांचा काळ. 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात त्यांनी एक विलक्षण प्रामाणिक द्विधा नोंदवली आहे. मंदिरातील स्तोत्रगायन ऐकताना आपले मन कधी कधी गायिल्या जाणाऱ्या अर्थापेक्षा गाणाऱ्या सुरानेच अधिक हलते, आणि तसे झाले की आपण दोषी आहोत असे त्यांना वाटे. मग गाणेच नको, असेही त्यांच्या मनात येई. अलेक्झांड्रियाचे संत अथानासियस स्तोत्रे इतक्या सपाट आवाजात म्हणवून घेत की ते गाण्यापेक्षा बोलणेच वाटे, याचीही त्यांना आठवण होई. परंतु श्रद्धा नव्याने गवसली त्या दिवसांत मंडळीचे गाणे ऐकून आपल्या डोळ्यांना पाणी आले होते, हेही त्यांना विसरता येत नाही. शेवटी ते गाण्याच्या बाजूने झुकतात. सूर वाईट नाही. सुराने आपल्याला कोठे नेले हे आपणांस कळले पाहिजे, एवढेच त्यांचे मागणे आहे.

त्या गाण्याचा जन्म कसा झाला, हेही ऑगस्टीन सांगतात. सन ३८६ मध्ये मिलान नगरात राजमाता जस्टिना हिने बिशप संत अँब्रोज यांचा छळ मांडला होता. आपल्या बिशपबरोबर मरण्याची तयारी करून लोक मंदिरात रात्रंदिवस जागत राहिले. ऑगस्टीन यांची आई संत मोनिका त्यांत आघाडीवर होती. दुःखाने आणि शिणाने लोकांचे मन खचू नये म्हणून पूर्वेकडील ख्रिस्तमंडळींच्या रीतीने सर्वांनी मिळून स्तोत्रे गाण्याची प्रथा तेथे सुरू झाली. शेजारच्या माणसाचा धीर सुटू नये म्हणून माणसे गाऊ लागली. आपल्या लोकलच्या डब्यांत भजनी मंडळी टाळ वाजवून गातात, तेव्हा त्या दमलेल्या माणसांकडे पाहून आम्हांला मिलानच्या त्या रात्री आठवतात.

कानात घालून ऐकण्याच्या संगीताचीही एक छोटी गोष्ट आहे. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा पहिला वॉकमन विक्रीस आला. त्या यंत्राला हेडफोन जोडण्याच्या जागा एक नव्हे, दोन होत्या. शिवाय एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीताचा आवाज कमी होऊन ऐकणाऱ्या दोघांना एकमेकांशी बोलता येई. सोबतच्या माणसाला वगळून एकट्यानेच ऐकत बसणे असभ्यपणाचे वाटेल, असे कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांना वाटले होते. पण लोकांनी ते यंत्र एकट्यासाठीच घेतले, आणि पुढे ती दुसरी जागा आणि ते बटण दोन्ही मागे पडले. त्यात कुणाचा अपराध नाही. तरीही त्या दुसऱ्या जागेचा विचार आमच्या मनातून जात नाही. विशेष म्हणजे मुलांनी ती आपल्या परीने पुन्हा शोधून काढली आहे. गाडीत दोन मैत्रिणी एकाच इयरफोनचे एक टोक हिच्या कानात आणि दुसरे तिच्या कानात घालून एकच गाणे ऐकत बसलेल्या आपण पाहिल्या नाहीत काय?

या सगळ्यातून एक कसोटी हळूहळू वर येते. आनंद भोगावा की भोगू नये हा प्रश्नच नव्हे. या आनंदात दुसऱ्या माणसाला जागा आहे काय, हा प्रश्न आहे. आणि या कसोटीला नाव द्यावयाचे तर ते आम्हांला प्रवासातच सापडते.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. तेव्हापासून या सुमारे ६० किलोमीटरांच्या मार्गाने आपल्या पट्ट्यातील माणसांच्या आयुष्याला आकार दिला आहे. आमचा विद्यार्थी जाता-येता मिळून रोज अडीच तास गाडीत असतो. वर्षातील २०० दिवस धरले तर ५०० तास, पदवीच्या तीन वर्षांत १,५०० तास. म्हणजे ६२ दिवस आणि ६२ रात्री. एवढा काळ कुणी घरापासून दूर घालवला तर आपण त्याला मोठा प्रवासी म्हणू. पण लोकलच्या प्रवासाला आपण प्रवास म्हणत नाही, ती नुसती ये-जा. दाढीवरून फिरलेला हात.

आणि तरीही याच गाडीत एक अशी गोष्ट रोज घडते जी रेल्वेच्या कोणत्याही नियमात नाही. दुसऱ्या वर्गाचे बाक तिघांसाठी असते. चौथा माणूस येऊन उभा राहतो, हाताने खूण करतो किंवा नुसते "जरा सरका" म्हणतो. तिघेही थोडे थोडे सरकतात आणि बोटभर जागेत तो चौथा अर्धा बसतो, एक पाय वाटेत ठेवून. हीच ती चौथी सीट. ती बाकावर नसते, तिघांच्या सरकण्यातून ती निर्माण होते. तिघांनाही थोडी अडचण होते आणि तिघांपैकी कुणीही तिला दान म्हणत नाही. संत थॉमस यांची काडी येथे प्रत्यक्ष दिसते. सरकणे ही कृती तटस्थ. पण कुणासाठी तरी सरकणे ही तटस्थ नव्हे.

येथे कुणी म्हणेल, की लोकलचे चित्र एवढे गोजिरवाणे नाही. आम्हांसही ते ठाऊक आहे. आपल्या गटातल्या माणसासाठी रुमाल टाकून जागा अडवणारे हात तेच असतात. दारात उभे राहून मधल्या स्टेशनच्या प्रवाशाला आत येऊ न देणारे खांदेही तेच असतात. आपल्या माणसासाठी सरकायला फार मोठे मन लागत नाही. म्हणून प्रभू येशूने शेजारी कोण या प्रश्नाला उत्तर देताना सांगितलेली गोष्टही प्रवासाचीच आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी ती वाट, सुमारे हजार मीटरांचा उतार. वाटेत एक माणूस जखमी होऊन पडलेला. याजक आला आणि गेला, लेवी आला आणि गेला. त्या दोघांनी त्याला मारले नव्हते, लुबाडले नव्हते. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांनाही वाटले असेल, की आज आपण काही वाईट केले नाही. थांबला तो परका, शोमरोनी. आम्ही स्वतः याजकवर्गातले असल्यामुळे ही कथा वाचताना आम्हांला कधीच फार आरामात बसता येत नाही.

दुसराही आक्षेप रास्त आहे. दीड-दीड तास उभा राहून आलेला माणूस डोळे मिटून गाणे ऐकत असेल तर त्याने ते ऐकू नये काय? अवश्य ऐकावे. शिष्यांबरोबर खेळीमेळीत रमलेल्या संत योहानांना पाहून काही लोकांना धक्का बसला, अशी एक जुनी आख्यायिका संत थॉमस सांगतात. योहानांनी त्यांतील धनुष्य बाळगणाऱ्या एकाला बाण सोडावयास सांगितले. त्याने काही बाण सोडल्यावर, तू हे सतत करीत राहू शकशील काय, असे विचारले. तसे केले तर धनुष्य मोडेल, असे तो उत्तरला. मनाचेही तसेच आहे, असे योहानांनी त्यांना समजावले. आम्ही त्यात आणखी एक भर घालू इच्छितो. ज्या मुलाच्या घरी एका खोलीत सहा माणसे राहतात, त्याला कानांतील संगीताची भिंत हीच काय ती स्वतःची खोली असते. ती त्याच्याकडून कुणी हिरावून घेऊ नये. विसावा हाही ठरवून घेतला तर आपला होतो. आणि खोलीला भिंती असाव्यात तसे एक दारही असावे, एवढेच.

शेवटी, चौथ्या सीटचे कौतुक करताना तिघांचे बाक अपुरे का पडते, हा प्रश्न बाजूला सारता येत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांच्या दारांतून खाली पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. माणसांनी एकमेकांसाठी सरकत राहावे आणि राज्यकर्त्यांनी स्वस्थ बसावे, हा न्याय नव्हे. सद्गुण हे अन्यायाला घातलेले ठिगळ होता कामा नये. उलट आम्हांला वाटते, की ज्याला चौथ्यासाठी सरकण्याची सवय आहे, तोच बाक वाढवून मागताना इतरांसाठीही मागतो. ज्याला नाही, तो फक्त आपल्यासाठी मागतो.

तेव्हा त्या तरुणाने आपली गाणी सोडावीत, व्यायाम सोडावा, जाहिराती दिसताच डोळे मिटावेत, असे आम्ही त्याला सांगितलेले नाही. या गोष्टींनी त्याचा दिवस बिघडत नाही. आम्ही त्याला दोनच प्रश्न सुचवले, आणि ते आपणां सर्व कुटुंबांपुढेही ठेवतो. रात्री मोबाईलमधील पावलांचा आकडा पाहण्याआधी क्षणभर आठवावे: आज आपल्यासाठी कोण सरकले? आणि आज आपण कुणासाठी सरकलो? पहिल्या प्रश्नात आभाराला विषय मिळतो, दुसऱ्यात पापनिवेदनालाही मिळेल. दोन्हींची उत्तरे लहानशी असतील, बोटभर जागेएवढी. पण तेवढी जागा ज्या दिवसात आपण जाणूनबुजून केली, तो दिवस आपला.